यूकेची स्टेट पेन्शन भारतात आल्यावर खरंच गोठते का?

नाशिककर_लेस्टर
नमस्कार मंडळी. बाबांना जानेवारीत ६६ पूर्ण झाली. लेस्टरला पस्तीसहून जास्त वर्षं नोकरी झाली, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सामाजिक विम्याचा हप्ता) कधी चुकला नाही, त्यामुळे नवी स्टेट पेन्शन (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) पूर्ण बसली आहे. या एप्रिलपासून आठवड्याला २४१.३० पौंड. आई ६३ ची आहे, तिची २२ वर्षं भरली आहेत. दोघांचं कधीपासूनचं ठरलंय की उरलेलं आयुष्य नाशिकला, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये काढायचं.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात एका काकांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "भारतात गेलास की पेन्शन तिथल्या तिथे थांबते. मरेपर्यंत एक पेनी वाढत नाही." बाबांनी तेव्हा हसण्यावारी नेलं, पण तेव्हापासून घरात हाच विषय आहे. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर काही मार्ग आहे का?

बिनकामाचा_अ‍ॅक्चुअरी
काकांनी सांगितलं ते खरं आहे. फक्त एक भाग सुटा करून सांगतो. पेन्शन बंद होत नाही, ती जगात कुठेही मिळते. थांबते ती वार्षिक वाढ.

यूकेत राहणाऱ्याची पेन्शन दर एप्रिलला वाढते. महागाई, सरासरी पगारवाढ आणि अडीच टक्के, या तिन्हींत जे जास्त असेल तेवढी. यालाच ट्रिपल लॉक म्हणतात. २०२३ मध्ये १०.१ टक्के मिळाले, २०२४ मध्ये ८.५, २०२५ मध्ये ४.१ आणि यंदा ४.८. हीच वाढ युरोपीय संघातल्या देशांत, स्वित्झर्लंडमध्ये आणि ज्यांच्याशी तसा करार आहे अशा मोजक्या देशांत राहणाऱ्यांनाही मिळते. त्यांत अमेरिका आहे, फिलिपिन्स, इस्रायल, तुर्कस्तान, जमैका, बार्बाडोस, मॉरिशस आहेत. भारत नाही. पाकिस्तान, बांगलादेश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांपैकीही कोणी नाही.

आता बाबांचा हिशोब. ते या दराने नाशिकला गेले तर २४१.३० वर कुलूप. ट्रिपल लॉक पुढे टिकेल की नाही हे राजकारण्यांनाच ठाऊक, पण दरवर्षी नुसते अडीच टक्के धरले तरी २० वर्षांनी लेस्टरमधल्या शेजाऱ्याला आठवड्याला ३९५ पौंड मिळत असतील आणि बाबांना २४१.३० च. वीस वर्षांत न मिळालेल्या वाढीची बेरीज ७० हजार पौंडांच्या जवळ जाते. आणि हा कमीत कमी आकडा आहे.

आईंचं गणित वेगळं. त्यांचं पेन्शनचं वय ६७ आहे. त्या भारतात असतानाच ६७ च्या झाल्या तर त्या वेळचा जो दर असेल त्यावर त्यांची पेन्शन काढतील, पूर्ण रकमेच्या ३५ पैकी २२ भाग (पूर्ण पेन्शनला ३५ वर्षांचे हप्ते लागतात). म्हणजे मधल्या चार वर्षांची वाढ त्यांना मिळेल. कुलूप त्यानंतर.

शरयू_ताई
बाप रे. आमच्या ओळखीतली तीन-चार जोडपी परतायच्या विचारात आहेत, एकालाही हे माहीत नसणार. वाचते आहे.

कृष्णाकाठ
आमच्याच घरातलं सांगतो. आत्या १९६८ मध्ये मिरजेहून नर्स म्हणून गेली, २००३ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त होऊन सांगलीला आली. तेव्हा पूर्ण बेसिक पेन्शन (जुन्या पद्धतीची मूळ स्टेट पेन्शन) आठवड्याला ७७.४५ पौंड होती. बायकांना पूर्ण दरासाठी ३९ वर्षं लागत, तिची त्याहून कमी होती, म्हणून सत्तरच्या आसपास बसली. आजही तेवढीच आहे. तिच्याबरोबर एकाच वॉर्डात काम केलेली मैत्रीण बर्मिंगहॅमला राहिली. तिचा पूर्ण बेसिक दर आज १८४.९० झाला आहे.

गंमत पुढे आहे. आत्याला दुसरी पेन्शन एनएचएसची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची) मिळते, नोकरीची. ती दरवर्षी महागाईप्रमाणे वाढते, सांगलीत बसूनसुद्धा. सरकारी नोकरीची पेन्शन कुठल्याही देशात वाढते, आणि ज्या स्टेट पेन्शनसाठी दर महिन्याला पगारातून पैसे कापले ती वाढत नाही. दोन्हीच्या मागे तिजोरी एकच! मग सांगलीची महागाई एका पेन्शनला दिसते आणि दुसरीला दिसत नाही, हे कसं, असं आत्या विचारते. मला आजवर उत्तर देता आलेलं नाही.

मॉरिशसचं नाव वर आलंय म्हणून सांगतो. आत्याच्या बॅचला तिथल्या मराठी घरातली एक नर्स होती. ती निवृत्त होऊन मॉरिशसला परत गेली. तिची पेन्शन दर एप्रिलला वाढते. दोघी घरी मराठी बोलणाऱ्या, दोघींनी कापून दिलेले पैसे सारखेच.

परखड_पाटील
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. निवृत्त झाल्यावर देश सोडायचा निर्णय तुमचा. तिथे खर्च करणार नाही, व्हॅट भरणार नाही, मग तिथल्या महागाईप्रमाणे भत्ता कशाला? आणि आपल्याकडे काय दिवे लागलेत? ईपीएस-९५ ची (पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेची) किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. त्यांच्यासाठी कोणी धागा काढत नाही. २४१ पौंड आठवड्याला म्हणजे महिन्याला लाखाच्या वर. नाशिकमध्ये लाखात भागत नाही का?

कृष्णाकाठ
पाटीलसाहेब, ईपीएसवाल्यांवर अन्याय होतोय हे मान्यच. म्हणून आत्यावरचा अन्याय न्याय होत नाही. आणि लाख रुपये तुम्ही यंदा निवृत्त होणाऱ्याचे मोजताय. आत्याला स्टेट पेन्शनचे महिन्याला पस्तीस-छत्तीस हजार येतात, वय ८३, रात्रंदिवस बाई ठेवावी लागते.

सीएचा_नातू
पाटलांच्या म्हणण्यात एक बाजू आहे आणि ती कोणी मांडत नाही. रुपया घसरत राहिल्याने गोठलेली पेन्शनसुद्धा रुपयांत वाढतेच. २००३ मध्ये पौंड ७५ रुपयांच्या आसपास होता, आज १२० च्या आसपास. म्हणजे ७० पौंडांचे तेव्हा आठवड्याला सव्वापाच हजार होत, आज आठ हजार चारशे. काही न करता ६० टक्के वाढ.

कृष्णाकाठ
आणि त्या २३ वर्षांत सांगलीत भाव किती वाढले? दूध तेव्हा पंधराच्या आसपास लिटर होतं, आज साठ. औषधांचं आणि दवाखान्याचं तर बोलूच नका.

सीएचा_नातू
बरोबर. विनिमय दराने खड्डा थोडा भरतो, पूर्ण नाही. माझं म्हणणं एवढंच की कॅनडा-ऑस्ट्रेलियावाल्यांना तेवढाही आधार नाही, आपल्याला थोडा आहे. पण त्याच्या भरवशावर विसाव्या वर्षाचं नियोजन करू नका.

यारातीरी_मेलबर्न
आमच्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. वाढ न मिळणाऱ्या पेन्शनरांत सगळ्यात मोठी संख्या ऑस्ट्रेलियातलीच. इथली सरकारी वृद्ध पेन्शन उत्पन्न बघून मिळते. त्यामुळे ब्रिटनने वाढ दिली नाही की खड्डा ऑस्ट्रेलियाच्या करदात्याने भरायचा. ऑस्ट्रेलियाने वर्षानुवर्षं विनवण्या केल्या आणि शेवटी वैतागून २००१ मध्ये ब्रिटनबरोबरचा सामाजिक सुरक्षा करारच मोडला. ब्रिटन तरी हललं नाही. राणी दोघांची एकच होती तेव्हा, हे लक्षात घ्या. मग आपल्या दिल्लीचं कोण ऐकणार!

बिनकामाचा_अ‍ॅक्चुअरी
पाटलांच्या मुद्द्याला सरळ उत्तर द्यायला हवं, कारण ब्रिटिश सरकारचा बचाव जवळपास तोच आहे: वाढ ही यूकेतल्या भावांशी आणि पगारांशी जोडलेली आहे, पैसा आधी इथे राहणाऱ्यांसाठी, आणि हे धोरण कुठल्या एका पक्षाचं नाही, सत्तर वर्षं आलेल्या प्रत्येक सरकारने चालवलंय. यातलं शेवटचं शंभर टक्के खरं आहे.

कोर्टातही हेच टिकलं. अ‍ॅनेट कार्सन नावाच्या बाई १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेल्या, २००० मध्ये पेन्शन सुरू झाली आणि तिथेच थांबली. त्या आधी ब्रिटनमध्ये लढल्या, २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) नाही म्हटलं. मग इतर बारा जणांसह स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. मार्च २०१० मध्ये तिथल्या सतरा न्यायाधीशांपैकी अकरा विरोधात, सहा बाजूने. बहुमताने म्हटलं की परदेशातला पेन्शनर आणि यूकेतला पेन्शनर यांची परिस्थिती तुलना करण्यासारखी नाही, आणि नॅशनल इन्शुरन्सचा हप्ता म्हणजे पेन्शनसाठी भरलेली ठेव नव्हे. तो पैसा आरोग्यसेवेसह बऱ्याच ठिकाणी जातो.

मला स्वतःला हा निकाल अर्धाच पटतो. हप्ता ठेव नाही हे ठीक. आज कामावर असलेल्यांच्या हप्त्यातून आजची पेन्शन दिली जाते, कुठे गंगाजळी साठवलेली नाही. पण "इथल्या भावांशी जोडलेली" हा युक्तिवाद मनिलात राहणाऱ्याला वाढ देताना कुठे जातो? फिलिपिन्सचे भाव लंडनशी जोडलेले नाहीत. ब्रेक्झिटनंतरही युरोपातल्या पेन्शनरांची वाढ करार करून चालू ठेवली. म्हणजे जमत नाही असं नाही. करायचं नाही, एवढंच. परदेशी राहणारा पेन्शनर एनएचएस वापरत नाही, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांचा सरकारी भत्ता) मागत नाही, ती बचत मात्र हिशोबात कोणी धरत नाही.

परखड_पाटील
फिलिपिन्सचं माहीत नव्हतं. तेवढं तर्काला सोडून आहे हे कबूल. बाकी माझं मत तेच.

टोरांटोची_वहिनी
नायगराचं उदाहरण इथे सगळे देतात. धबधब्याच्या अमेरिकेकडच्या काठावर घर असेल तर पेन्शन वाढते, पूल ओलांडून आमच्या काठावर आलात की गोठते. ब्रिटनच्या स्वतःच्या प्रदेशांतही तोच घोळ: जिब्राल्टर आणि बर्म्युडात वाढ आहे, फॉकलंडमध्ये नाही. ज्या बेटांसाठी १९८२ मध्ये युद्ध केलं, तिथल्या म्हाताऱ्यांना वाढ नाही!

अ‍ॅन पकरिज यांची बातमी वाचली असेल. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होत्या, २००१ मध्ये मुलीजवळ राहायला कॅनडात आल्या आणि पेन्शन ७२.५० पौंडांवर थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये, शंभरी अगदी तोंडावर असताना, त्या विमानाने लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या. फोटो खूप छापून आले. धोरण जिथे होतं तिथेच आहे.

गोंयकार_स्विंडन
देव बरें करूं. आमच्या स्विंडनमधल्या गोंयकारांसाठी यात एक वेगळीच मेख आहे. इथे बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर आले. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आई-बापामुळे, आज्यामुळे तो मिळाला. आता पहिली फळी निवृत्तीला आलीये. मडगावला परत गेलास तर पेन्शन गोठली. तोच माणूस त्याच पासपोर्टवर लिस्बनला जाऊन राहिला तर दरवर्षी वाढ. पासपोर्टशी काही संबंध नाही, राहता कुठे एवढंच बघतात. पण लिस्बनला कोण जाणार? घर, चॅपल, भाऊबंद सगळे साष्टीत. माझा थोरला भाऊ गेलाच मडगावला. म्हणाला, वाढ नको, मासळी बाजार हवा.

चतुर_चाणक्य
इतका विचार कशाला करता? मुलाचा लेस्टरचा पत्ता तसाच ठेवा, पेन्शन यूकेच्या बँकेत जाऊ द्या, बाबा नाशिकला. कोणाला कळतंय.

बिनकामाचा_अ‍ॅक्चुअरी
चाणक्य, कृपा करून असले सल्ले इथे देऊ नका. देश सोडताना कळवणं बंधनकारक आहे. न कळवता वाढ घेतली तर ती जास्तीची रक्कम ठरते, वसूल होते, आणि फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. सरकारांमध्ये माहितीची देवाणघेवाण चालते, विमानतळावर नोंद असते. ७० व्या वर्षी हे झेंगट कोणाला हवंय?

नाशिककर_लेस्टर
बाबा तसलं काही करणार नाहीत, निश्चिंत राहा. पण प्रश्न आहे: दरवर्षी उन्हाळ्यात तीन-चार महिने माझ्याकडे येऊन राहिले तर?

कृष्णाकाठ
आत्याचा अनुभव: तात्पुरतं येऊन राहिलात तर त्या मुक्कामापुरता चालू दर मिळतो. आलो आणि अमुक तारखेला जाणार, हे इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला कळवावं लागतं. सांगलीला परतली की पुन्हा जुना आकडा. कायमचं परत आलात तर मात्र आजचा पूर्ण दर लागू होतो आणि पुढची वाढही. म्हणजे न मिळालेली मागची वाढ एकरकमी कधीच मिळत नाही, पण दर कायमचा बुडत नाही.

आणखी एक. परदेशातल्या पेन्शनरला अधूनमधून हयातीचा कागद पाठवतात. साक्षीदाराची सही घेऊन तो वेळेत परत गेला नाही तर पेन्शन थांबते. नाशिकच्या पत्त्यावर टपाल नीट येतं का, हे आधी बघा. आत्याचा एक कागद आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या खणात कॅलेंडराखाली सापडला होता.

हिंजवडी_रिटर्न
थोडं बाजूला जातो, पण धागा योग्य आहे. मी यूकेत आठ वर्षं काम करून पुण्याला आलो, वय ४६. पेन्शन मिळायला किमान १० वर्षं लागतात म्हणून भारतातून स्वेच्छेने नॅशनल इन्शुरन्सचा क्लास २ हप्ता भरत होतो, आठवड्याला साडेतीन पौंड. आता ते बंद झालं म्हणतात?

बिनकामाचा_अ‍ॅक्चुअरी
हो. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं आणि ६ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. परदेशात राहून स्वस्त क्लास २ भरायची सोय गेली. आता क्लास ३ भरायचा. फरक बघा: २०२५-२६ च्या दराने क्लास २ चं वर्ष १८२ पौंडांना पडायचं, क्लास ३ चं ९२३ ला. शिवाय नवीन अर्ज करणाऱ्याने आधी सलग १० वर्षं यूकेत राहिलेलं किंवा तेवढी वर्षं हप्ते भरलेले असायला हवेत. पूर्वी तीन पुरायची. तुम्ही आधीपासून भरत होतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत संक्रमणाचे नियम काय लागतात ते लेखी विचारून घ्या.

आणि क्लास ३ भरण्याआधी हाच धागा पुन्हा वाचा. एक वर्ष विकत घेतलं की पूर्ण पेन्शनचा पस्तिसावा भाग मिळतो, आजच्या दराने आठवड्याला सहा पौंड नव्वद. वर्षाचे साडेतीनशेच्या वर. नऊशे पौंड तीन वर्षांत सुटतात, पण तुम्ही आधी किमान १० चा उंबरठा गाठला तरच. आणि पुण्यात राहिलात तर सुरुवातीचा आकडा शेवटपर्यंत तोच, हे धरूनसुद्धा सौदा वाईट नाही.

सीएचा_नातू
व्यापार करारामुळे काही बदलणार का, असं मला दोन जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलंय. नाही. २४ जुलै २०२५ ला भारत-यूके व्यापार करारावर सह्या झाल्या, त्याला जोडून सामाजिक सुरक्षेचं जे ठरलं ते तात्पुरत्या बदलीवर जाणाऱ्यांना दोन्हीकडे हप्ता भरावा लागू नये यासाठी. पेन्शनच्या वार्षिक वाढीचा त्यात विषय नाही. आपल्या बाजूने तो लावून धरला असता तर बरं झालं असतं, पण आयटी कंपन्यांना लॉबी असते, सांगलीतल्या निवृत्त नर्सला नसते.

शरयू_ताई
ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे त्यांनी निदान मत तरी द्यावं. पंधरा वर्षं बाहेर राहिलं की मतदानाचा हक्क जायचा, ती अट जानेवारी २०२४ पासून गेली. ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) पुण्यात राहणारे कितीतरी ब्रिटिश नागरिक आहेत, नोंदणी कोणीच केलेली नाही. खासदाराला पत्र लिहिताना मतदार म्हणून लिहिलेलं वेगळं पडतं. संसदेत या विषयावर सर्वपक्षीय गट आहे, हुजूर पक्षाचे सर रॉजर गेल त्यात बरीच वर्षं बोलत आले आहेत. त्यांची एक मागणी मधली आहे: मागची थकबाकी देऊ नका, पण आजपासून पुढची वाढ तरी द्या. मला ती व्यवहार्य वाटते.

परखड_पाटील
ही मागणी असेल तर मीसुद्धा सही करीन. ब्रिटिश नागरिक नाही ही गोष्ट वेगळी.

यारातीरी_मेलबर्न
पाटील विरघळले, धागा सार्थकी लागला :)

नाशिककर_लेस्टर
सगळ्यांचे आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. ७० हजारांच्या आकड्यावर ते थांबले, मग कागद-पेन घेऊन बसले. त्यांचं म्हणणं: लेस्टरचं घर भाड्याने गेलं तर दरवर्षी भाडं वाढेल, ती आपली वाढ. घर विकायचा विचार त्यामुळे रद्द. कंपनीची छोटी पेन्शन आहे, ती भारतातही वाढते असं तिच्या कागदात लिहिलेलं सापडलं. आरोग्यविम्याचे हप्ते मागवलेत, ते बघून आईने "इथेच मेलेलं स्वस्त" अशी प्रतिक्रिया दिली आहे, पण नाशिक रद्द नाही.

दिवाळीआधी जायचं ठरतंय. एप्रिलची वाढ पदरात पडली आहेच. आई म्हणते पुढच्या एप्रिलपर्यंत थांबू, अजून एक वाढ घेऊन जाऊ. बाबा म्हणतात, असं करत करत ते काका इथेच राहिले.

सीएचा_नातू
सहा महिने थांबून आठवड्याला सहा-दहा पौंड जास्त, आणि ते आयुष्यभर. आईंचं गणित चुकीचं नाही. मात्र कुठल्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहता यावरून तिथलं निवासी असणं ठरतं, आणि कर कुठे भरायचा तेही. तारीख पक्की करण्याआधी दोन्हीकडच्या हिशोबनीसांना विचारा. घरभाड्यावर यूकेत कर लागेल, आणि तुमच्या बाबांची पेन्शन वर्षाला साडेबारा हजार पौंडांच्या जवळ जाते, करमुक्त मर्यादा १२,५७० आहे. भाडं मिळालं की त्या रेषेच्या वर जाण्याची शक्यता आहे, तेवढं बघून घ्या.

नाशिककर_लेस्टर
हे बाबांना आज सांगतो. घर दोघांच्या नावावर आहे, म्हणजे अर्धं भाडं आईच्या खात्यात धरता येईल का? तिला सध्या काहीच उत्पन्न नाही.

सीएचा_नातू
नवरा-बायकोच्या नावावर असेल तर साधारण अर्धं-अर्धंच धरतात. म्हणजे आईंची मर्यादा अख्खी मोकळी आहे. घराचे कागद एकदा बघा आणि नावं तशीच आहेत ना, याची खात्री करा.